शाळेत कल्चर नाही!

कचरा म्हटलं की लोक नाक का मुरडतात, हे मला कधीच कळलं नाही. कचऱ्यापासून खत करणं हा तर माझ्या डाव्या हातचा मळ! आमच्या घरच्या गॅलरीत मी एका जुन्या बादलीत केळ्याची सालं, अंड्याची टरफलं आणि चहाचा चोथा टाकायला लागलो, आणि काही महिन्यांत असं काळंभोर, भुसभुशीत खत तयार झालं की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. वास? नावालासुद्धा नाही! मी बायकोला म्हटलं, "बघ, याला म्हणतात शास्त्र!" ती काहीच बोलली नाही. कौतुकाने माणूस असा अबोल होतो.

मी एका सरकारी शाळेत विज्ञान शिकवतो. एकदा शिक्षकांच्या बैठकीत मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, विचारलं, "मधल्या सुट्टीत मुलं डब्यातलं एवढं उष्टं-खरकटं टाकतात, त्याचं काय करायचं?" सगळे शिक्षक ताबडतोब छताकडे बघायला लागले. आमच्या छताकडे बघण्यासारखं काही नाही. एक पंखा आहे, तोही फिरत नाही. मी मात्र ताडकन उभा राहिलो.

"बाई, शाळेतच खत करू या! कचरा माझ्यावर सोडा!"

"वास येईल."

"शास्त्रशुद्ध खताला वास येतच नाही, बाई! हवं तर माझ्या घरी येऊन बघा!"

मोठ्या बाईंनी मला प्रयोगशाळेमागचा कोपरा दिला, पण मनापासून नाही. तिथे फरशी घालून शिक्षकांच्या स्कूटरी लावायच्या, असं त्यांच्या मनात होतं. "देते," त्या म्हणाल्या, "पण वास आला तर खड्डा बुजवून वर फरशी. मग माझ्याकडे तोंड घेऊन यायचं नाही."

खड्डा मी सातवी 'क'ला दिला. आमच्या शाळेत बाग सातवी 'अ'कडे, भित्तिपत्रक सातवी 'ब'कडे, आणि सातवी 'क'कडे काय? तर कार्यक्रम संपला की खुर्च्या उचलणं! त्यामुळे मी वर्गात जाऊन "हा खड्डा तुमचा" असं म्हटल्यावर आधी कुणाचा विश्वासच बसेना. शेवटच्या बाकावरची एक लांब वेणीवाली मुलगी उभी राहिली.

"म्हणजे आमचाच, सर? कायमचा?"

"कायमचा!" मी ठणकावून सांगितलं. तसं सांगण्याचा मला काडीचाही अधिकार नव्हता, पण एवढ्या चाळीसेक चेहऱ्यांपुढे "बघू, जमलं तर" असं कुणाच्याने म्हणवेल?

मुलांनी दोन दिवसांत खड्डा खणला आणि त्याचं नाव ठेवलं 'आजोबा'. का, म्हणून विचारलं तर वेणीवाली म्हणाली, "सर, त्यांना मऊ मऊच लागतं, पचायला वेळ लागतो, आणि मधूनच पोटातून आवाज येतो!" मग काय, शाळेत जिकडे तिकडे आजोबाच. "आजोबा जेवले का?" "आजोबांना सफरचंद दिलं का?" मी धन्य झालो.

पण माझी एक बारीकशी चूक झाली. मी शाळेच्या मुख्य फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'खड्ड्यात फक्त ओला कचरा टाकावा.' आता ओला कचरा म्हणजे भाजीपाल्याचा, फळांचा, जेवणातला, हे तुम्हाला कळतं, मला कळतं. पण आमची शाळा फार आज्ञाधारक हो! मधल्या सुट्टीत बघतो तर नळावर ही रांग. पाचवीची मुलं वह्यांचे कागद भिजवतायत, सहावीच्या मुली पुठ्ठे बुडवतायत, आणि खेळाचे सर स्वतःचा फाटका बूट नळाखाली धरून उभे!

"हे काय चाललंय?"

"कचरा ओला करतोय!" खेळाचे सर म्हणाले. "तुमच्याच सूचनेप्रमाणे! सुका चालत नाही ना?"

बूट मी वाचवला, म्हणजे खड्डा बुटापासून वाचवला, पण तोवर फार उशीर झाला होता. आठवडाभर सगळी शाळा बाटल्यांतलं उरलेलं पाणी आजोबांवर ओतत होती. आजोबांचं सूप झालं होतं.

आणि मग तो वास सुटला! पहिल्या दिवशी तो प्रयोगशाळेत आला. तिथे तो कुणाच्या लक्षात आला नाही. दुसऱ्या दिवशी तो जिना चढला. भूगोलाच्या तासाला मुलं नाक धरून वाळवंटांची नावं घेत होती. तिसऱ्या दिवशी तो परवानगी न विचारता थेट मोठ्या बाईंच्या खोलीत शिरला.

मला बोलावणं आलं. मोठ्या बाई नाकाला रुमाल लावून बसल्या होत्या.

"मागच्या इमारतीतले लोक वरपर्यंत गेलेत," त्या रुमालाआडून म्हणाल्या. "शुक्रवारी खात्याचे साहेब स्वतः खड्डा बघायला येणार आहेत. त्यांच्या नाकाला वास लागला, की विषय संपला. फरशीवाल्याला मी शनिवारचं सांगून ठेवलंय."

बाहेर आलो तर दारातच वेणीवाली उभी. तिने सगळं ऐकलं होतं. "सर, तुम्ही कायमचा म्हणाला होतात," एवढंच म्हणाली आणि वर्गात गेली. ओरडली असती तर परवडलं असतं!

मी एका रोपवाटिकावाल्याला फोन लावला. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाळका पालापाचोळा किती टाकला?"

"पालापाचोळा? तो कशाला?"

"आणि कल्चर?"

"कसलं कल्चर?"

 मग तो लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "अहो, दह्याला विरजण लागतं ना, तसं खताला कल्चर लागतं. त्याशिवाय ते नुसतं नासतं. शुक्रवारी सकाळी चार पोती पाठवतो."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! धावतच शिक्षकांच्या खोलीत गेलो. तिथे फक्त गाण्याच्या बाई चहा पीत बसल्या होत्या.

"सापडलं!" मी ओरडलो. "एवढी घाण का झाली, ते सापडलं! आपल्या शाळेत कल्चर नाही!"

गाण्याच्या बाईंचा कप ओठांपाशी थांबला. "काय नाही म्हणालात?"

"कल्चर! कधी नव्हतंच! म्हणून तर सगळं नासलं!"

"असं?"

"पण काळजी नको. शुक्रवारी बाहेरून मागवलंय!"

त्यांनी कप असा आपटला की बशीचा टवका उडाला, आणि त्या ताडताड निघून गेल्या. मला वाटलं, बिचारीला वास सहन झाला नाही. गाण्याच्या बाई शाळेच्या कल्चरल कमिटीच्या प्रमुख आहेत, गेली कित्येक वर्षं एकट्याच, ही गोष्ट त्या क्षणी माझ्या डोक्यातच आली नाही.

शुक्रवारी सकाळी मी सातवी 'क'ला घेऊन जवळच्या बागेत गेलो. पोत्यांत वाळकी पानं भरायची, साहेब अकराला यायच्या आत शाळेत परतायचं, आणि कल्चर घालून आजोबांना झाकून टाकायचं, असा माझा बेत. पानं भरता भरता रोपवाटिकेचा फोन आला, "टेम्पो निघालाय." मी लगेच शाळेत फोन केला. शिपाईकाकांनी उचलला.

"काका, शाळेत कल्चर येतंय. नीट ऐका. आलं की आधी सावलीत ठेवायचं. ऊन बिलकूल लागू द्यायचं नाही. मधून मधून वरून थोडं पाणी शिंपडायचं. जास्त हलवायचं नाही. तोंड तर अजिबात उघडू द्यायचं नाही! मी आलो की खड्ड्यात घालतो."

"कल्चरचं ना? मग गाण्याच्या बाईंना सांगतो."

"कुणालाही सांगा! पण जसंच्या तसं सांगा!"

काकांनी जसंच्या तसं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच!

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण काकांनी ते नंतर इतक्या वेळा सांगितलंय की पाहिल्यासारखंच आहे. साहेब ठरल्या वेळेच्या बरेच आधी आले. मोठ्या बाई अजून यायच्या होत्या. फाटकात गाण्याच्या बाईच उभ्या होत्या.

"मी खात्याकडून आलोय," साहेब म्हणाले. पांढरेशुभ्र केस, इस्त्रीचा शर्ट, निवृत्तीला आलेला माणूस.

"आम्हाला कल्पना आहे, साहेब," बाई म्हणाल्या. बाहेरून मागवलेलं कल्चर ते हेच, म्हणजे सांस्कृतिक खात्याने पाठवलेले कुणी कलावंत, याबद्दल त्यांना शंकाच उरली नव्हती. "आमच्या शाळेत कल्चर आहे की नाही, ते तुम्ही आज बघालच! या, सावलीत बसा."

साहेबांना झाडाखाली खुर्चीत बसवलं. वर छत्री धरली. साहेब म्हणाले, "अहो, झाडाची सावली आहे की, छत्री कशाला?"

"नाही साहेब, ऊन बिलकूल लागू द्यायचं नाही म्हणून सांगितलंय."

"कुणी?"

"शू! तोंड उघडायचं नाही, साहेब. सक्त सूचना आहे."

साहेब उठायला लागले. "आणि हलायचं तर मुळीच नाही!" बाईंनी त्यांना खांद्याला धरून परत बसवलं. तेवढ्यात काकांनी बागेची झारी आणली आणि साहेबांच्या डोक्यावर पाणी शिंपडलं. थोडंच. निरोपात 'थोडं' असं होतं ना!

"हा काय प्रकार आहे?" साहेब ओरडले.

"तब्येतीसाठी असेल, साहेब," काका नम्रपणे म्हणाले. "मधून मधून करायचं आहे."

इकडे मी दोन मुलींना पुढे पाठवलं होतं, फावडी काढून ठेवायला. वेणीवाली त्यांतलीच. त्या झाडाजवळून पळत जाताना एकमेकींशी बोलत होत्या, "आज आजोबांना फारच वास येतोय गं!" "म्हणून तर सर म्हणाले, आल्या आल्या वरून माती लोटायची!"

साहेबांनी स्वतःच्या बाहीचा वास घेतला. मग घाबऱ्या आवाजात बाईंना विचारलं, "हे तुमचे सर येऊन नक्की काय करणार आहेत?"

बाईंनी निरोप आठवून बघितला. "खड्ड्यात... नाही, तिथे काकांची काहीतरी ऐकण्यात चूक झाली असेल."

"मुळीच नाही!" काका म्हणाले आणि पुन्हा झारी उचलली.

याच सुमारास टेम्पो आला. चालकाने विचारलं, "कल्चर आणलंय, कुठे उतरवू?" बाई साहेबांना धरून बसल्या होत्या. त्यांना वाटलं, साहेबांच्या बरोबरचे वाजवणारे आले. "आत सभागृहात! थेट मंचावर!" असं त्यांनी सांगितलं. चालकाने चार पोती नेऊन मंचावरच्या चार खुर्च्यांत बसवली. समोर गाण्याच्या बाईंनी बसवून ठेवलेली गाणारी मुलं तयारच होती. कुणीतरी आलेलं दिसताच त्यांनी स्वागतगीत सुरू केलं. मोठ्या बाई सभागृहात शिरल्या तेव्हा मुलं दुसऱ्या कडव्यावर होती आणि पोती शांतपणे ऐकत होती.

मी पानांची पोती घेतलेल्या पलटणीसह फाटकातून आत आलो, तर झाडाखाली छत्री, छत्रीखाली ओलेचिंब साहेब, आणि एका बाजूने सभागृहातून माझं नाव ओरडत धावत येणाऱ्या मोठ्या बाई. 

"सर, हे तुमचं कल्चर!" गाण्याच्या बाईंनी साहेबांकडे बोट दाखवलं. "सावलीत ठेवलंय. तोंडही उघडू दिलं नाही. आता तुम्हीच सांभाळा!"

मी हात जोडले, कान धरले, आणि कल्चर म्हणजे काय, आजोबा म्हणजे काय, ते एका दमात सांगून टाकलं. सांगता सांगता मलाच कळत होतं की यातलं एकही वाक्य शहाण्या माणसाच्या तोंडी शोभणारं नाही. गाण्याच्या बाई आधी लाल झाल्या, मग पांढऱ्या झाल्या, मग त्यांनी पदराने साहेबांचं डोकं पुसायला घेतलं.

साहेबांनी मान वर केली, तोंड उघडलं. आम्हाला वाटलं, संपलं!

"आक् छी!" साहेब शिंकले. लागोपाठ शिंकतच राहिले. मग रुमालात नाक घालून म्हणाले, "खड्डा दाखवा."

मी मुलांना डोळ्याने खूण केली. सातवी 'क' अशी पळाली, की शर्यतीत कधी पळाली नसेल! आम्ही कोपऱ्याशी पोचेपर्यंत मंचावरचं कल्चर खड्ड्यात येऊन पडलं होतं, पानं पडली होती, वर माती पडली होती. तरी वास होताच. दडपला होता, पण होता. मोठ्या बाईंनी रुमाल काढला. साहेब खड्ड्यावर वाकले, त्यांनी मोठा श्वास घेतला. सगळ्या वर्गाने श्वास रोखून धरला. वेणीवालीने माझी बाही पकडली होती.

"अजिबात दाही!" साहेब म्हणाले. "बला तर काहीच वास येत दाही!"

नाक चोंदलं होतं! काकांच्या झारीने काम केलं होतं! मोठ्या बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण साहेबांना नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी शेजारच्या मोडक्या बाकावर मटकन बसलो. बाक आणखी मोडला.

"तयार खत बघायला बी पुद्हा येईद," साहेब जाता जाता म्हणाले. "जबलं, तर सगळ्या शाळांत सुरू करू."

फरशीवाल्याला मोठ्या बाईंनी 'तूर्त नको' म्हणून कळवलं.

त्या संध्याकाळी मी घरी सगळं रंगवून सांगितलं. बायको पोट धरून हसली. मी म्हटलं, "आता काय, घरच्यासारखंच खत तिथे करून दाखवायचं! घरी नव्हतं का झालं, कल्चरबिल्चर काही न घालता?"

ती हसायची थांबली. "अहो, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग की!"

"तुमच्या बादलीला दुसऱ्याच आठवड्यात असा वास सुटला, की मी ती खाली नेऊन रिकामी केली."

"मग ते खत?"

"नर्सरीतून पिशवी आणली होती. थोडं थोडं भरत गेले. तुम्ही रोज बादलीत डोकावून इतके खूश व्हायचात, की सांगायला जीभच रेटेना."

म्हणजे मी जन्मात कधी खत केलंच नव्हतं! आणि आता साहेब येणार होते, तेही उघडं नाक घेऊन!

पुढचे दिवस मी कसे काढले, ते माझं मला ठाऊक. फुशारकी पार विरघळली होती. रोपवाटिकावाला सांगेल तसं करायचं, एवढंच. सालांचा थर, पानांचा थर, मधून मूठभर कल्चर. मुलं दर आठवड्याला आजोबांना वरखाली करायची. मी सकाळी शाळेत शिरलो की आधी वास घ्यायचो, मग हजेरी. एक दिवस हुंगलं तर काहीच आलं नाही. मला वाटलं, मलाही सर्दी झाली. वेणीवालीला बोलावलं. तिने गुडघे टेकून, डोळे मिटून हुंगलं.

"सर, मातीचा येतोय," ती म्हणाली. "नुसता मातीचा."

साहेब आले ते स्वतःची छत्री घेऊन. झारी दिसताच चार पावलं मागे सरले. काकांनी ती लपवल्यावरच पुढे आले. मुलांनी फावड्याने वरचा थर बाजूला केला. खाली काळंभोर, भुसभुशीत, अगदी खरं खत! साहेबांनी मूठभर उचललं, नाकाशी धरलं. या वेळी त्यांचं नाक ठणठणीत होतं, हे मी फाटकातच विचारून घेतलं होतं.

"सुरेख!" ते म्हणाले. "बाई, इथे फरशी घालणार होतात ना? विसरा आता. आणि हा प्रकार सगळ्या शाळांत सुरू करायचा. फक्त पाहुण्यांवर पाणी शिंपडणं तेवढं वगळा."

वेणीवाली मोठ्या बाईंसमोर जाऊन उभी राहिली. "बाई, मग आजोबा आमचे? कायमचे?"

मोठ्या बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. "कायमचे," त्या म्हणाल्या. "स्कूटरी लावू कुठेतरी."

सातवी 'क' जे ओरडली, ते मागच्या इमारतीपर्यंत गेलं असणार.  गाण्याच्या बाई शेजारीच होत्या. त्यांनी तिरका डोळा करून विचारलं, "काय सर, आता आहे ना शाळेत कल्चर?"

"पोत्याने आहे, बाई!" मी म्हणालो, आणि आमचं मिटलं.

वर्गाने मला एक पिशवी भरून खत बक्षीस दिलं. ती पोटाशी धरून मी घरी आलो आणि बायकोपुढे ऐटीत उघडली. माझं स्वतःचं, पहिलंवहिलं, खरंखुरं खत! तिने चिमूटभर घेतलं, बोटांत चोळलं, वास घेतला, मान डोलावली.

"वा! छान आहे हो," ती म्हणाली. "कुठल्या नर्सरीतून आणलंत?"

मी पिशवी उचलली आणि गॅलरीतल्या बादलीत ओतली.